पिकअप गुंडाळणाऱ्याला 'जुगाडू' म्हणणं बंद करा

पोस्ट मोठी आहे. विषय छोटा वाटेल, पण आपल्या जिल्ह्यातल्या पोरांच्या पोटापाण्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. पटलं नाही तर खाली बिनधास्त भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

दोन-चार दिवसांपासून सगळ्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. वरात चाललीय, गाड्यावर बेंजो ठेवलाय. बेंजोच्या तारांखाली काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला एक ठोकळा आहे आणि त्यातून निघालेली वायर मिक्सरला गेलीय. वर लिहिलंय 'बीडचा जुगाड', आणि खाली हसून लोळणारे इमोजी. आपलेच लोक आपल्याच पोरांना हसतायत.

त्या ठोकळ्याला पिकअप म्हणतात. तो कसा बनतो हे मला माहीत आहे, कारण मी तो बनवतो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटरी आणि स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइल हा माझा रोजचा धंदा. पावसाळ्यात मोटरींचं काम मंदावतं, तेव्हा गणपतीच्या आधी बेंजोवाल्यांचे पिकअप येतात. त्यामुळं या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजतो.

आधी 'जुगाड' म्हणजे काय ते ठरवू. चपलेचा अंगठा तुटला, सेफ्टी पिन लावली आणि घर गाठलं, याला जुगाड म्हणतात. आजचं निभावलं, उद्याचं उद्या बघू. जुगाडाला माप नसतं. तो पुन्हा तसाच करता येईल याची खात्री नसते, आणि बिघडला तर का बिघडला हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. याच्या उलट, ज्याला माप आहे, जे दहा वेळा तसंच करून देता येतं आणि बिघाडाचं कारण सांगता येतं, त्याला मराठीत कारागिरी म्हणतात. आता या कसोटीवर पिकअप घासून बघा.

बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग. अमेरिकेतला कातडं चढवलेला बँजो वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्या बेंजोचं मूळ जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'ताईशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं, त्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली. बटण दाबलं की तारेची लांबी बदलते आणि सूर बदलतो. हे वाद्य आपल्याकडं आलं आणि वरातीत, मिरवणुकीत असं रुळलं की ते बाहेरचं आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पण या वाद्याचा मूळ आवाज खोलीपुरता. ताशा आणि हलगीपुढं तो ऐकूच येणार नाही. म्हणून त्याला पिकअप लागतो.

पिकअपमध्ये असतं काय? एक चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरते. ती थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की वेढ्यांमध्ये वीज तयार होते. तार सेकंदाला ४४० वेळा थरथरली तर वीजही ४४० वेळा पुढं-मागं होते. तीच वीज अँप्लिफायर मोठी करतो आणि भोंगा तिचा आवाज करतो. फॅराडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व दहावीच्या विज्ञानात आहे. मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि पिकअप ही एकाच घरातली भावंडं आहेत. म्हणून तर मोटरवाल्याच्या हातात पिकअप बसतो.

आता मापाचं बोलू. मी एका पिकअपला ४६ गेजची तार वापरतो. तिची जाडी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी किंवा त्याहून बारीक. तिचे साधारण ६,००० वेढे घालतो. एका वेढ्याची लांबी सरासरी १० सेंटीमीटर धरली तर ६०० मीटर तार झाली. अर्ध्या किलोमीटरहून जास्त तार काडेपेटीएवढ्या जागेत बसवायची, आणि सगळं तांबं भरतं जेमतेम १६ ग्रॅम. शेवटी मल्टिमीटर लावला की साडेतीन किलो-ओहमच्या आसपास आकडा यायला पाहिजे. फारच कमी आला तर आत वेढे एकमेकांना चिकटलेत. काहीच आला नाही तर तार तुटलीय. मग सगळं उलगडून पहिल्यापासून.

पाच एचपीच्या मोटरीत तांबं किलोवर जातं आणि तार हातात जाणवते. पिकअपची तार हातात जाणवतच नाही. ती अंगठा आणि नमद्याच्या तुकड्यामधून सोडावी लागते. जास्त दाब दिला तर तुटते, कमी दिला तर वेढे सैल बसतात आणि पुढं वाजवताना शिट्टी मारतात. त्यासाठी कॉइल झाली की ती वितळलेल्या मेणात बुडवायची. हवेचे बुडबुडे निघेपर्यंत ठेवायची, म्हणजे आतला एकही वेढा हलत नाही. मोटरीला वार्निश, पिकअपला मेण. कारण एकच: तार जागची हलू द्यायची नाही.

वेढे वाढवले तर आवाज मोठा होतो पण बोजड होतो. कमी केले तर धार येते पण जीव राहत नाही. चुंबक तारेच्या फार जवळ गेला तर तो तारेलाच धरून ठेवतो आणि सूर डळमळतो. तार पोलादीच पाहिजे, कारण नुसती पितळी तार या पिकअपला ऐकूच येत नाही. सांगा, यात 'चालून जाईल' कुठं आहे?

आणखी एक गोष्ट. वरातीत जनरेटर असतो, रोषणाई असते, तिच्या वायरी बेंजोच्या अंगावरून गेलेल्या असतात. ५० हर्ट्झची ही वीज पिकअपमध्ये शिरते आणि भोंग्यातून सतत 'हूंऽऽ' ऐकू येतं. त्यावर उपाय म्हणजे दोन कॉइल घ्यायच्या. दोन्हींचे वेढे एकमेकांच्या उलट आणि एकीचा चुंबकही उलटा. बाहेरची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते, पण वेढे उलटे असल्यानं ती एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटतो, एकदा वेढ्यामुळं आणि एकदा चुंबकामुळं, म्हणून तो बेरजेत येतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनिअरनं ही रचना १९५५ मध्ये पेटंटसाठी मांडली. आज ती जगभरच्या गिटारींत असते. तीच रचना आपल्या गावातला दहावी नापास पोरगा दोन कॉइल हातानं भरून बसवतो, आणि आपण तिला चिकटपट्टी दिसते म्हणून हसतो.

आता जरा जगात डोकावू, म्हणजे आपल्या हसण्याची किंमत कळेल.

जगातली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार कोणती? स्टील गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि लोखंडी दांडा तारांवर सरकवून वाजवायची. आपल्याकडं तिला हवाई गिटार म्हणत. जुन्या सिनेमागाण्यांच्या धुना व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या हवाई गिटारवर रेडिओवर ऐकलेली पिढी अजून आहे. या गिटारीचा पिकअप १९३१ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज ब्यूशांप नावाच्या वादकानं घडवला. तो ना इंजिनिअर होता ना शास्त्रज्ञ. बॅंडच्या गोंगाटात गिटार ऐकू येत नाही, ही त्याची अडचण होती. म्हणजे आपल्या बेंजोवाल्याची जी अडचण, तीच. कॉइल गुंडाळायला त्यानं घरच्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली, अशी हकीकत सांगतात. गिटारचा आकार असा होता की लोक तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तवा म्हणायचे. पेटंट १९३७ मध्ये मिळालं. इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण असं सांगतात की पेटंट कचेरीला ठरवताच येईना, ही वस्तू विजेची म्हणायची की वाद्य म्हणायचं.

विचार करा. घरातल्या यंत्राची मोटर काढून गुंडाळलेली कॉइल आणि तव्यासारखं दिसणारं वाद्य. हाच व्हिडिओ आज आपल्या ग्रुपवर आला असता तर काय लिहिलं असतं? 'जुगाड'च. तिथं त्याला शोध म्हणाले, कागद दिला, कारखाना उभा राहिला. इथं इमोजी.

अमेरिका लांब आहे म्हणाल तर मिरजेला चला. मिरजेचे सतार-तंबोरे देशभर जातात. ते बनवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम कमी झालं, तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी तोच हात तंतुवाद्यांकडं वळवला. आधी दुरुस्ती, मग निर्मिती. संस्थानानं आणि गवयांनी पाठीवर हात ठेवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धार लावणारा माणूस तंबोरा घडवतो तेव्हा आपण त्याला परंपरा म्हणतो. मग मोटर भरणारा माणूस पिकअप घडवतो तेव्हा त्याला जुगाड का म्हणतो? शंभर वर्षं जुनं झाल्यावरच मान द्यायचा असा काही नियम आहे का?

मला या शब्दाचा राग मानापमानासाठी नाही. शब्दानं पोट भरत नाही आणि शब्दानं कुणी मरतही नाही. पण या एका शब्दानं चार ठिकाणी नुकसान होतं, ते मोजून सांगतो.

पहिलं नुकसान दामाचं. कारागिरी म्हटली की मजुरी द्यावी लागते. जुगाड म्हटलं की 'चहा पाजतो, करून दे'. एका दुहेरी पिकअपला माझा निम्मा दिवस जातो. त्याचे तीनशे रुपये मागितले तर समोरचा म्हणतो, "दोन तारा गुंडाळायचे तीनशे?" तोच माणूस मोबाइलची काच बदलायला दोन हजार मुकाट देऊन येतो. कारण तिथं काउंटर आहे, पावती आहे, एसी आहे.

दुसरं नुकसान कागदाचं. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. योजना चांगली आहे, माझा तिला विरोध नाही. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि विनातारण कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्या टप्प्यात २ लाख, तेही ५ टक्क्यांनी. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, कुलूप बनवणारे, हार करणारे, मासेमारीचं जाळं विणणारेसुद्धा आहेत. सगळे असायलाच पाहिजेत. पण त्या यादीत वाद्य बनवणारा नाही, वाद्य दुरुस्त करणारा नाही आणि मोटर वाइंडिंगवालाही नाही. ज्या जिल्ह्यात विहिरी-बोअरच्या जिवावर शेती उभी आहे, तिथं मोटर भरणारा हात सरकारच्या हिशेबात हातच नाही. आणि पिकअपवाला तर दोन्हीकडून बाहेर. एका बँकेत मी कर्जाचं विचारायला गेलो, तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारलं, "हे विजेचं काम आहे का वाद्याचं? एक काहीतरी सांगा." अमेरिकेच्या पेटंट कचेरीला नव्वद वर्षांपूर्वी पडलेला प्रश्न आपल्याकडं अजून सुटायचाय.

तिसरं नुकसान शिक्षणाचं. आयटीआयच्या दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियन कोर्समध्ये मोटरचं आणि लहान ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग शिकवतात. म्हणजे पाया तिथं आहेच. त्याच बाकावर आणखी चार दिवस बारीक तारेचं काम करून घेतलं, तर पोराला पिकअप येईल, रिलेची कॉइल येईल, स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल येईल. नवीन इमारत नको, नवीन मशीन नको. पण जे 'जुगाड' आहे ते अभ्यासक्रमात कोण घालणार? जुगाड शिकवत नाहीत, तो आपोआप येतो, अशी आपली समजूत. त्यामुळं होतं काय, ज्याला येतं तो म्हातारा होतो, डोळे जातात, आणि तारेचं गेज व वेढ्यांचा आकडा त्याच्याबरोबर जातो.

चौथं नुकसान सगळ्यात मोठं, आणि ते माझं नाही, वाजवणाऱ्या पोरांचं आहे.

आपल्या जिल्ह्यात दसरा झाला की काय होतं हे मी सांगायला नको. ट्रॅक्टर-ट्रक भरतात, माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतली की सहा महिने फडात. माझ्याकडं पिकअप घेऊन येणाऱ्या पोरांमध्ये अशा घरची पोरं बरीच आहेत. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, म्हणजे तोडीचा हंगाम आणि सुपाऱ्यांचा हंगाम एकाच वेळी. ज्या पार्टीला चार गावांत नाव आहे, जिच्या तारखा धरलेल्या आहेत, त्या पार्टीतला पोरगा उचल घ्यायला जात नाही. ज्याच्या सुपाऱ्या तुटल्या, तो जातो. हिशेब इतका सरळ आहे.

आता भर लग्नसराईत पिकअप गेला तर? उद्या सकाळी वरात आहे. ऑनलाइन मागवला तर चार दिवस. पुण्याला-मुंबईला जायचं तर भाडं आणि दिवस दोन्ही गेले. जवळच्या बाजारपेठेत गुंडाळून देणारा माणूस असेल तर रात्रीतून काम होतं आणि सुपारी वाचते. एक सुपारी बुडाली की नुसते त्या दिवसाचे पैसे जात नाहीत. 'यांचा बेंजो ऐन वेळी बंद पडतो' असं एकदा पसरलं की पुढच्या चार तारखा जातात. १६ ग्रॅम तांब्यावर एखाद्या घरानं यंदा फडात जायचं का गावात राहायचं हे ठरतं, पोरांची शाळा मोडायची का टिकायची हे ठरतं. त्या तांब्याला हसण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

आणि एक कडू गोष्ट बोलतोच. वाजवणारी माणसं बहुतेक कोणत्या वस्तीतून येतात हे सगळ्यांना माहीत आहे. हलगी, सनई, संबळ, बॅंड, बेंजो यांच्याशिवाय आपलं एक कार्य होत नाही, पण वाजवणाऱ्याचं पान शेवटच्या पंगतीत. वाद्य मांडवात आणि माणूस मांडवाच्या कडेला. 'जुगाड' हा शब्द मला त्याच पंगतीतला वाटतो. इंजिनिअरच्या पोरानं कॉलेजच्या प्रदर्शनात हेच केलं तर त्याला 'इनोव्हेशन' म्हणून ढाल मिळते.

आता उलट बाजूनं येणारे मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून उत्तर देतो.

'तयार पिकअप स्वस्तात मिळतात, कशाला गुंडाळायचं?' मिळतात. पण ते गिटारचे असतात. गिटारला सहा तारा, त्यांच्यात ठरावीक अंतर, आणि पिकअपचे सहा खांब त्याच अंतरावर. बेंजोच्या सुराच्या तारा एकमेकींना चिकटून असतात. खांब एकीकडं, तार दुसरीकडं, मग आवाज निम्मा. काही जण चिकटवायची पिझो चकती लावतात. ती लाकडाची थरथर पकडते, त्यामुळं सुराबरोबर बटणांची टकटकही भोंग्यातून येते. चुंबकाचा पिकअप फक्त पोलादी तारेचं ऐकतो, बटणांचं नाही. म्हणून बेंजोला बेंजोच्या मापाचाच पिकअप लागतो, आणि ते माप घ्यायला माणूस समोर लागतो.

'बेंजो काय, डीजे काय, शेवटी गोंगाटच ना?' हा मुद्दा मला मान्य आहे, पण तो पिकअपवर ढकलू नका. पिकअपमधून निघणारी वीज एका व्होल्टाच्याही आत असते. गोंगाट करतो तो अँप्लिफायर आणि त्याच्या बटणावरचा हात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत: राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. बेंजो पार्ट्याही ही मर्यादा ओलांडतात, ते मी झाकत नाही. दहाला बंद म्हणजे बंद. दवाखान्यासमोर वाजवू नका. पण नियम आवाजाला लावा. मीटर लावून मोजा. मोठ्या डीजेच्या भिंतीसमोरून वाट काढायची आणि हातगाड्यावरच्या बेंजोला अडवायचं, याला नियम म्हणत नाहीत.

शिवाय पैशाचा हिशेब बघा. डीजेची सामग्री बाहेरून येते, बिघडली की बाहेर जाते, एक माणूस पेन ड्राइव्ह लावून उभा राहतो. बेंजो पार्टीत आठ-दहा माणसं वाजवतात. लाकडाचं काम गावचा सुतार करतो, पिकअप माझ्यासारखा कुणीतरी भरतो, हलगीचं कातडं कुणीतरी ताणतो. त्या रात्रीचा पैसा जिल्ह्यातच फिरतो.

'बेंजोचा जमाना गेला, आता कीबोर्ड आलाय.' गेला असता तर २०१६ मध्ये रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला नसता. आणि मिरवणुकीत बेंजोची तान सुरू झाली की पाय कुणाचे थांबतात ते तुम्हीच सांगा.

आता मागण्या. नुसती टीका करून थांबायचं नाही.

१) जिल्ह्यातल्या आयटीआयनी इलेक्ट्रिशियनच्या पोरांना बारीक तारेच्या वाइंडिंगचं एक प्रात्यक्षिक द्यावं. आमच्यापैकी कुणालाही बोलवा, आम्ही येऊ.

२) आमदार-खासदारांनी विश्वकर्मा योजनेच्या यादीत वाद्य कारागीर आणि मोटर वाइंडिंग कारागीर घालण्याची मागणी लेखी करावी. भाषणात नको, पत्रात करा आणि पत्र इथं टाका.

३) जिल्हा उद्योग केंद्रानं तालुक्याला एक दिवस शिबिर घेऊन अशा कारागिरांची उद्यम नोंदणी करून द्यावी. नोंदणी फुकट आहे आणि वाद्यनिर्मितीला तिथं वेगळा कोडही आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नाही म्हणून सांगतोय. नोंदणीच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

४) बेंजो पार्टीच्या मालकांनी पिकअपची पावती मागावी आणि मजुरी पावतीप्रमाणं द्यावी. पावती तुमच्याही कामाची आहे, कर्जाला लागते.

५) वाइंडिंगवाल्या भावांनो, प्रत्येक पिकअपच्या आत एक चिठ्ठी ठेवा: तारेचं गेज, वेढे, ओहम, तारीख. मी वही ठेवतो आणि चिठ्ठीही ठेवतो. उद्या तो पिकअप दुसऱ्याच्या हातात गेला तर त्याला अंदाजानं काम करावं लागू नये. काळ्या चिकटपट्टीऐवजी एक बरंसं कव्हर करा. लोक आधी डोळ्यांनी ऐकतात.

६) गणेश मंडळांनो, मिरवणुकीचे सगळे पैसे एकाच भिंतीवर लावू नका. एक दिवस आपल्याच तालुक्यातल्या बेंजो पार्टीला द्या.

यातल्या एकाही मागणीला कोट्यवधी लागत नाहीत, टेंडर लागत नाही. लागते ती फक्त नजर बदलायची तयारी.

माझ्या बाजूनं मी काय करणार ते सांगून थांबतो. आषाढात मोटरींचं काम कमी असतं. त्या महिन्यात रोज संध्याकाळी दोन तास दुकानात पिकअप भरायला शिकवणार आहे. एका वेळी चार जण, त्याहून जास्तीला जागा नाही. फी नाही. तार माझी, चुंबक जुन्या स्पीकरचा तुम्ही आणायचा. वाजवणारी पोरं या, आयटीआयची पोरं या, पोरी आल्या तर आणखी चांगलं, बारीक तारेला हलका हात लागतो. सोबत दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणा, 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आधी वाचून या. पहिल्या दिवशी त्यावरच बोलू, गुंडाळायला दुसऱ्या दिवशी बसू.

ज्यांना यायचंय त्यांनी खाली नुसतं 'येतो' किंवा 'येते' लिहा. पोस्ट तुमच्या तालुक्याच्या ग्रुपवर टाका, नाव काढून टाकली तरी चालेल.